एकाच मळीचे दोन प्याले

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला की दादरच्या फुलबाजारात मावळच्या हरितगृहांतील गुलाबांच्या जुड्या चढ्या भावाने विकल्या जाऊ लागतात. स्टेशनाबाहेरच्या गाड्यांवर महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आणि मृग बहराची नागपुरी संत्री आलेली असतात. १४ फेब्रुवारीचा प्रेमिकांचा दिवस मुंबईत रुजल्याला आता एक पिढी लोटली आहे आणि तो साजरा करण्याची एक नवी रीतही पडली आहे. हॉटेलातील गर्दी व बिल दोन्ही टाळून घरीच दिवे मंद करावेत, व्हिस्कीत फळांचा रस मिसळून दोघांपुरते दोन पेले सिद्ध करावेत आणि संध्याकाळ गोड करावी, असा सल्ला पुरवण्यांच्या पानांतून व मद्यकंपन्यांच्या आडवळणाच्या जाहिरातींतून दिला जातो.

या सल्ल्याची दखल राजकीय कार्यकर्त्यांनी का घ्यावी, असे कोणी विचारील. महागाई, बेकारी, घरांचा प्रश्न यांच्यापुढे कोणाच्या तरी दिवाणखान्यातील पेल्याचे महत्त्व ते काय? परंतु हा पेला ज्या घरात भरला जातो ते घर, ज्या कायद्याखाली भरला जातो तो कायदा, ज्या मळीतून तो निघतो ती मळी आणि तो ज्या स्त्रीपुढे ठेवला जातो ती स्त्री, या चौघांचा विचार केला तर प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

या दिवसाविषयी आजवर दोनच भूमिका मोठ्या आवाजात मांडल्या गेल्या. पहिली संस्कृतिरक्षकांची. या शतकाच्या प्रारंभीच्या वर्षांत शिवसैनिकांनी मुंबईत शुभेच्छापत्रांच्या होळ्या केल्या, दुकानदारांना धमकावले. प्रेमाला परकीय ठरवून तरुण मुलामुलींना रस्त्यावरून हाकलण्याच्या या उद्योगाला समाजवादी विचारात कोठेही जागा असू शकत नाही. दुसरी भूमिका बाजाराची : ज्याचा पैसा, ज्याचे घर, ज्याचा पेला, इतरांनी त्यात नाक खुपसू नये. ही भूमिका ऐकायला उदार वाटते. पण ज्याला घर आहे त्याच्यापुरतीच ती उदार आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

पेल्यात काय असते?

कृती साधी आहे. पंचेचाळीस मिलिलिटर व्हिस्की, एका संत्र्याचा ताजा रस, अर्ध्या लिंबाचा रस, दोन चमचे साखरेचा पाक आणि भरपूर बर्फ झाकणाच्या भांड्यात घालून जोराने हलवायचे व गाळून पेल्यात ओतायचे. संत्र्याऐवजी चार-पाच स्ट्रॉबेरी ठेचून घातल्या तरी चालते. आंबटगोडाने व्हिस्कीचा जळजळीतपणा झाकला जातो आणि ज्याने दारूला कधी स्पर्श केला नाही त्याच्याही घशाखाली पेला सहज उतरतो. चवीच्या दृष्टीने हाच त्याचा गुण आणि प्रकृतीच्या दृष्टीने हाच त्याचा दोष. भारतीय बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण साधारणतः ४२.८ टक्के लिहिलेले असते. त्या हिशेबाने अशा एका पेल्यात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते. तीन पेले झाले की पाऊण क्वार्टर पोटात गेलेली असते, जिभेला मात्र सरबत प्यायल्याचे वाटत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच अल्कोहोलयुक्त पेयांना कर्करोगकारक ठरविले आणि मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, असे संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. संत्र्याच्या रसाने या गोष्टीत काही फरक पडत नाही.

आता त्या व्हिस्कीकडे पाहू. भारतात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या स्वस्त व मध्यम किमतीच्या मद्यांचा पाया दीर्घकाळ मळीपासून गाळलेले अल्कोहोल हाच राहिला आहे. अलीकडे धान्यापासूनच्या अल्कोहोलचाही वापर होतो, तरी मळी सुटलेली नाही. युरोपात व्हिस्की धान्यापासूनच व्हावी लागते. मळीच्या मद्याला तेथे ते नाव लावता येत नाही. महाराष्ट्रात ही मळी साखर कारखान्यांतून येते, आणि त्याच मळीचे अल्कोहोल, पाणी व संत्र्याचा अर्क मिळून देशी दारूची ती बाटली होते जी लालबाग-परळच्या दुकानात नुसते ‘संत्रा’ म्हटले की पुढ्यात येते. म्हणजे मद्य आणि फळाची चव यांचा मिलाफ ही काही मनोऱ्यातल्या दिवाणखान्याने लावलेली शोधबुद्धी नव्हे. गिरणगावाला तो चांगला परिचयाचा आहे. एका ठिकाणी चव कारखान्यात घातली जाते, दुसऱ्या ठिकाणी घरी हाताने. पहिल्याला व्यसन म्हणतात, दुसऱ्याला अभिरुची. दोनदा गाळलेल्या दारूला ‘बेवडा’ म्हणत. पुढे ते नाव ती पिणाऱ्या गरीब माणसालाच चिकटले. सोडा-बर्फासह तेच मद्य घेणाऱ्याला मराठीने असे कोणतेही नाव दिलेले नाही.

कायद्याचा इतिहास

मद्य घरी करण्याचा अधिकार या प्रदेशातील कष्टकऱ्यांकडून टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आला, हा इतिहास मुद्दाम आठवला पाहिजे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीवर कडक कर व निर्बंध आले आणि दादर-माहीमच्या माडबागांत पिढ्यान्पिढ्या ताडी काढणाऱ्या भंडारी समाजाच्या धंद्यावर घाव पडला. १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच बंधने आली. आदिवासींच्या अन्नाचा व पेयाचा आधार असलेले फूल सरकारी परवान्याची वस्तू बनले. दारूचे उत्पादन मोठ्या भट्ट्यांत एकवटले की कर वसूल करणे सोपे जाते, हे इंग्रज सरकारने पक्के ओळखले होते. महात्मा फुले यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेला पत्र लिहून दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध आवाज उठविला, तो याच अबकारी राजवटीत.

पुढे १ ऑगस्ट १९३९ रोजी खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी जारी केली. अबकारी खाते तेव्हा डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग विरला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई यांच्या आग्रहाने १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर बंदी आली. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधनाच्या द्रव्यांवरील बंदी रद्द ठरविली, परंतु कायद्याचा मुख्य भाग, आणि लष्करी मेसना दिलेली सूटही, कायम राखली. सूट कोणाला आणि शिक्षा कोणाला, हा भेद अशा रीतीने आरंभापासूनच कायद्याच्या पोटात होता. ज्याला डॉक्टरचा दाखला मिळत असे तो ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ परवाना घेऊन घरी स्कॉच पीत असे. ज्याला तो मिळत नसे तो गल्लीतल्या खोलीत गूळ, सडकी फळे व नवसागर यांच्या हातभट्टीचे नवटाक मारून पोलिसाला हप्ता देत असे. साठच्या दशकात बंदी सैल झाली आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूला कायद्याचे दार उघडले.

कायदा मात्र राहिला. आज त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असे आहे आणि त्याच्या छत्राखाली राज्याचे उत्पादन शुल्क खाते दारूविक्रीतून हजारो कोटींचा महसूल गोळा करते. व्हिस्की घरी बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो आणि वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. एक दिवसाचा परवाना विदेशी मद्याला पाच रुपये व देशीला दोन रुपये, इतक्या नाममात्र शुल्कात दुकानातच फाडून मिळत आला आहे. १४ फेब्रुवारीला घरी पेले भरणाऱ्या तेवीस-चोवीस वर्षांच्या जोडप्यांना आपण दारूबंदी कायद्याचा भंग करीत आहोत याची कल्पनाही नसते, आणि ती असण्याचे कारणही नसते. बंद दाराआड उत्पादन शुल्क खात्याचा शिपाई येत नाही. बाटलीतली दारू फळात ओतली तर ती हौस. फळ कुजवून दारू गाळली तर तो गुन्हा.

दार कोणाला आहे?

येथे घराचा प्रश्न उभा राहतो. गिरगावातील चाळीच्या दोन खोल्यांत तीन पिढ्या राहिल्या. लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार राहिले; त्यांची बायकामुले कोकणात किंवा घाटावर. समाईक गॅलरी, समाईक नळ, समाईक संडास यांत ‘घरी निवांत पिणे’ ही कल्पनाच संभवत नव्हती. म्हणून कामगाराचे पिणे रस्त्यावर, गुत्त्यात, सर्वांच्या डोळ्यांदेखत झाले. ते दिसले म्हणून त्याची बदनामी झाली, आणि दिसले म्हणूनच त्यावर पोलिसांचा दंडुका चालला. मध्यमवर्गाचे पिणे कमी होते की जास्त, हा प्रश्न अलाहिदा; त्याच्यापुढे पडदा होता एवढे खरे.

प्रेमाचेही तेच. ज्यांना खोली नाही त्या जोडप्यांनी दादरची चौपाटी, शिवाजी पार्कचा कट्टा, मरीन ड्राइव्हचा कठडा यांचा आश्रय घेतला आणि त्यांना पोलिसांचा दरारा सोसावा लागला. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-अक्सा भागातील हॉटेलांच्या खोल्यांवर छापे घालून पोलिसांनी कितीतरी सज्ञान जोडप्यांना ताब्यात घेतले. एकांत ही या शहरात विकत घेण्याची वस्तू झाली आहे. घरी साजरा करावयाच्या प्रेमदिवसाचा सल्ला ज्या घराला उद्देशून दिला जातो ते घर आज कोठे उभे आहे? पुष्कळदा ते गिरणीच्या जमिनीवर उभे आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा वाटा महापालिकेला, तिसरा वाटा परवडणाऱ्या घरांना असे ठरविले होते. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा केवळ मोकळ्या जमिनीपुरता उरला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. जेथे साचे चालत तेथे मनोरे, मॉल आणि मद्यालये आली. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या मद्यालयांना आग लागून १४ जीव गेले, तेव्हा गिरणीचे आवार कशासाठी वापरले जात आहे हे साऱ्या देशाने पाहिले.

दोन मापे

सरकारच्या करधोरणात हा भेद उघड दिसतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने आयात केलेल्या स्कॉच व्हिस्कीवरील उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले. शुल्क जास्त असले की चोरटी आयात व बनावट माल वाढतो, कमी केले की अधिकृत विक्री व महसूल वाढतो, असे समर्थन करण्यात आले. युक्तिवाद चुकीचा नाही. परंतु जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने शुल्कवाढीचा निर्णय घेतला तेव्हा देशी दारूच्या १८० मिलिलिटर बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याची २०५ आणि उंची विदेशी मद्याची ३६०. महाग झाल्याने माणूस चोरट्या मालाकडे वळतो हा नियम श्रीमंताच्या स्कॉचला लागू पडतो आणि मजुराच्या देशीला पडत नाही, असे सरकारला म्हणावयाचे आहे काय? स्कॉच पिणाऱ्याला चोरटा माल मिळाला तर त्याचे पैसे बुडतात. मजुराला चोरटा माल मिळाला तर त्याचा जीव जातो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मारली. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांच्या खिशात अधिकृत बाटलीपुरते पैसे नव्हते. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात स्कॉचवरील केंद्राचे आयात शुल्क १५० टक्क्यांवरून प्रथम ७५ व दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले, ही त्याच मालिकेतील पुढची पायरी.

मे २०२० मध्ये टाळेबंदी असताना राज्याने परवानाधारकांना दारू घरपोच देण्याची मुभा दिली. त्याच दिवसांत मजुरांचे लोंढे अन्नपाण्यावाचून पायी गावाकडे निघाले होते. सरकारला तिजोरी भरणे भाग होते, हे मान्य केले तरी कोणत्या दारापर्यंत काय पोहोचविणे शक्य झाले आणि कोणत्या दारापर्यंत काय पोहोचविणे सुचलेही नाही, याची नोंद राहिली पाहिजे.

तिची संमती

राहिला प्रश्न स्त्रीचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकर हा वकील आहे, मजूर नव्हे. सुशिक्षित घरात शिरलेल्या पहिल्या प्याल्याची किंमत सिंधू आपल्या व आपल्या मुलाच्या प्राणांनी चुकविते, हे मराठी प्रेक्षकाने १९१९ पासून रंगभूमीवर पाहिले आणि तरीही दारू हा खालच्या वस्तीचाच रोग आहे अशी समजूत करून घेतली. गिरणगावात पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या तोंडाशी उभी राहणारी बायको, उधारीवर डबे घालणारी आणि वहीतले आकडे वसूल होत नाहीत म्हणून सावकाराच्या दारी जाणारी खाणावळवाली, या सिंधूच्याच बहिणी. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले ते याच खाणावळवाल्यांना सावकारीतून सोडविण्यासाठी.

दिवाणखान्यातील दोन पेल्यांच्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे असे सांगितले जाते, कारण येथे स्त्री सोबतीने पिते, पुरुषाच्या पिण्याची ती बळी नसते. ज्या घरात ही सोबत खरी असेल तेथे कोणी आक्षेप घेऊ नये. पुरुषाने प्यावे आणि स्त्रीने प्यायल्यास तिचे चारित्र्य काढावे, ही रीत समाजवाद्यांनी कधीच मान्य करता कामा नये. तथापि सोबत खरी आहे की नाही हे पेल्याच्या सजावटीवरून कळत नाही. नको म्हणण्याची मोकळीक तिला आहे काय? गोड चवीआड किती मद्य ओतले हे तिला सांगितले आहे काय? स्ट्रॉबेरी कोणी निवडली, सकाळी पेले कोणी विसळले, आणि नशेनंतरच्या होकाराला होकार मानू नये एवढे भान त्याला आहे काय? या प्रश्नांची उत्तरे चाळीत आणि मनोऱ्यात सारखीच द्यावी लागतील.

काय मागावे?

संपूर्ण दारूबंदी हा समाजवादी चळवळीला गांधीजींकडून आलेला वारसा आहे आणि राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात तो तत्त्व म्हणून नोंदलेला आहे. त्यामागील करुणा टाकून देण्यासारखी नाही. पण चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या दीर्घ लढ्यानंतर एप्रिल २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ साली उठविली गेली, तेव्हा चोरट्या दारूच्या वाढीचेच कारण पुढे करण्यात आले. सरकारने बंदी नीट राबविली नाही हे खरे. राबविण्याची इच्छा नसलेल्या सरकारच्या हाती बंदी दिली की ती हप्त्याचे साधन बनते हेही तितकेच खरे. म्हणून आज मागणी बंदीची करण्यापेक्षा एका मापाची करावी.

घरी पिण्याचा पाच रुपयांचा परवाना हे ढोंग आहे, ते रद्द व्हावे. विक्रीवर मात्र वयाचे व वेळेचे बंधन खरोखर पाळले जावे. स्कॉचवरील शुल्क उतरविण्याचा निर्णय मागे घेतला जावा आणि महसुलाचा ठरीव हिस्सा व्यसनमुक्ती केंद्रांवर व कामगार वस्तीतील दवाखान्यांवर खर्च व्हावा. मिथेनॉलच्या प्रत्येक पिंपाचा कारखान्यापासून वापरापर्यंत हिशेब ठेवला जावा. मार्च २०२५ मध्ये सरकारने गृहनिर्माण संस्थेच्या आवारात दारूचे नवे दुकान काढण्यास संस्थेची संमती आवश्यक केली. मनोऱ्याला मिळालेला हा नकाराधिकार संस्था म्हणून नोंद नसलेल्या भाडेकरूंच्या चाळीला व झोपडवस्तीलाही मिळावा. ‘आडवी बाटली’च्या मतदानाची किचकट वाट वस्तीतल्या स्त्रियांसाठी सोपी करावी. आणि या सर्वांच्या मुळाशी असलेली मागणी, गिरण्यांच्या जमिनीवर गिरणी कामगारांना घरे, ही विसरली जाऊ नये. कारण ज्याला स्वतःचे दार नाही त्याला ना निवांत प्रेम करता येते, ना कायद्यापासून आडोसा मिळतो.

फेब्रुवारीच्या त्या संध्याकाळी कोणी दोघांनी संत्र्याचा रस घातलेला एखादा पेला घेतला तर कार्यकर्त्यांनी त्यांच्या दारावर थाप मारायला जाऊ नये. त्याच संध्याकाळी लालबागच्या नाक्यावर ‘संत्रा’ पिऊन पडलेल्या हमालाला पोलीस गाडीत कोंबत असतील तर मात्र तेथे थांबावे, त्याचे नाव विचारावे, त्याच्या घरी निरोप द्यावा आणि चौकीपर्यंत त्याच्याबरोबर जावे.